वाळूखालचे गाव, वाळूवरचे रान

बाल्टिक समुद्र आणि कुरोनियन खाजण यांच्यामध्ये वाळूचा एक अरुंद दांडा 98 किलोमीटरपर्यंत पसरला आहे. काही ठिकाणी तो जेमतेम चारशे मीटर रुंद आहे, काही ठिकाणी चार किलोमीटरच्या जवळपास. त्याचा उत्तरेकडचा 52 किलोमीटरचा भाग लिथुआनियात येतो आणि उरलेला रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात. लिथुआनियन लोक त्याला कुर्शू नेरिया म्हणतात. या दांड्यावर खाजणाच्या काठाला पेर्वाल्का नावाचे छोटे गाव आहे. गावाजवळच्या पाइनच्या रानातून एक पायवाट स्किर्प्स्तास नावाच्या वाळूच्या टेकडीवर चढते. टेकडीची उंची पन्नास मीटरांहून थोडी अधिक. माथ्यावर झाडी विरळ होते, खाजणाचे पाणी दूरवर दिसते, आणि तिथे ओकच्या लाकडाचे एक स्मारक उभे आहे. शिल्पकार एदुआर्दास योनुशास यांनी ते 1975 मध्ये घडवले. स्मारक ल्युद्विकास रेझा यांचे आहे. रेझा हे क्योनिग्सबर्ग (आजचे कालिनिनग्राद) विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक, कवी आणि लिथुआनियन लोकगीतांचे पहिले मोठे संग्राहक. त्यांचा जन्म 1776 मध्ये याच परिसरातल्या कार्वाइचाय गावात झाला. ते क्योनिग्सबर्गला शिकत असतानाच, 1797 च्या सुमारास, ते गाव वाळूखाली कायमचे गेले. म्हणजे हे स्मारक जितके एका माणसाचे आहे तितकेच त्याच्या पायाखालून नाहीशा झालेल्या गावाचेही आहे. या जागेबद्दल मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो असा: वारा आणि वाळू यांनी गिळलेल्या गावाचे स्मरण करणे म्हणजे नेमके काय करणे? त्यात शोक आहे, आदर आहे, हे उघडच आहे. पण तेवढ्यावर स्मरण पूर्ण होते का? माझे म्हणणे असे, की होत नाही. स्मरणाच्या पोटात एक देणे असते, आणि कार्वाइचायच्या बाबतीत ते देणे टेकडीवरच्या लाकडी स्तंभापेक्षा तिथवर नेणाऱ्या पायवाटेच्या दुतर्फा उभ्या असलेल्या रानाने अधिक खरेपणाने फेडले आहे.

हे समजण्यासाठी आधी गाव कसे बुडाले ते पाहिले पाहिजे. वाळूची टेकडी चालते ती कणाकणाने. वारा एका बाजूने कण उचलतो, कण उड्या मारत माथ्यापर्यंत येतात आणि पलीकडच्या उतारावर घसरतात. एक बाजू झिजते, दुसरी भरते, आणि अशा रीतीने सबंध टेकडी पुढे सरकते. वाऱ्याला अडवणारी झाडे, गवत आणि मुळांचे जाळे असेल तर हे घडत नाही. हा दांडा एके काळी बऱ्याच अंशी जंगलाने झाकलेला होता. सोळाव्या शतकापासून ते जंगल तुटत गेले. इमारतींसाठी लाकूड लागले, जहाजांसाठी लागले, डांबर आणि कोळसा करण्यासाठी लागले. उरलेल्या झुडपांत गुरे चरली. 1756 ते 1763 च्या सप्तवर्षीय युद्धात हा दांडा ज्या पूर्व प्रशियात होता तिथे रशियन सैन्य उतरले, तेव्हाही मोठी तोड झाल्याचे इतिहासकार सांगतात. झाडे गेली आणि वाळू मोकळी झाली. त्यानंतरच्या काळात या दांड्यावरची चौदा गावे वाळूखाली गेली असे मानले जाते. नाग्ल्यायसारखी काही गावे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकली आणि तिथेही वाळूने त्यांना गाठले. पेर्वाल्का हे गावही अशाच विस्थापितांनी एकोणिसाव्या शतकात वसवले. टेकड्या पुढे सरकल्यावर मागे काही ठिकाणी जुनी स्मशाने उघडी पडली आणि साथीत मेलेल्यांची हाडे पुन्हा उजेडात आली. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे संकट एका रात्रीत कोसळले नाही. वाळू वर्षाला काही मीटर सरकत होती. आधी बागा गेल्या, मग विहिरी, मग दारे, मग चर्च. एक पिढी जन्माला यायची आणि म्हातारी व्हायची, तोवर टेकडी दाराशी आलेली असायची. भूकंपात माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही. इथे मिळाला होता, भरपूर मिळाला होता. विचार करायला वेळ होता म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न इथे अधिक टोकदार होतो.

योगायोग असा की याच प्रदेशात, कार्वाइचाय बुडाले त्याच अठराव्या शतकात, नैसर्गिक संकटांच्या अर्थावर एक गंभीर चर्चा झाली होती. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बनमध्ये भूकंप झाला. सर्व संतांच्या सणाचा दिवस होता आणि चर्चे माणसांनी भरलेली होती. युरोपभर धर्मोपदेशकांनी त्यात देवाचा कोप वाचला. त्या वेळी क्योनिग्सबर्गला राहणाऱ्या तरुण इमॅन्युएल कांटने 1756 मध्ये भूकंपांवर तीन लेख लिहिले. कारणे भूगर्भात शोधावीत, आणि दुसऱ्यांवर आलेल्या आपत्तीत त्यांच्या पापाचा हिशेब वाचण्याचा अधिकार माणसाला नाही, असा त्यांचा रोख होता. त्या लेखांतले भूगर्भाविषयीचे तर्क पुढे टिकले नाहीत, पण नैतिक भूमिका टिकली आणि आजच्या विचाराचा ती पाया आहे. संकट म्हणजे शिक्षा नव्हे. निसर्गाकडून येणारे दुःख एका खात्यात टाकायचे आणि माणसाच्या दुष्कृत्याने येणारे दुःख दुसऱ्या खात्यात, अशी ती विभागणी आहे. मला ती बहुतेक ठिकाणी योग्य वाटते. पण कांटच्या शहरापासून थोड्याच अंतरावर, त्याच काळात, जी वाळू गावामागून गाव गिळत चालली होती, ती या दोन्हींपैकी कोणत्याच खात्यात बसत नाही. वारा निसर्गाचा होता आणि वाळूही निसर्गाची. पण त्यांना मोकळीक दिली ती कुऱ्हाडीने. देवाच्या कोपाचे स्पष्टीकरण नाकारल्यावर त्या जागी निसर्गाच्या कोपाचे स्पष्टीकरण आणून ठेवले तर फार काही बदलत नाही. दोन्हींमध्ये माणूस नजरेआड होतो आणि दुःखाचे कर्तेपण दूर कुठेतरी ढकलले जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराच्या कड्यासकट कोसळलेल्या चिखलाखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे त्यात गेली. तेव्हाही वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून निसर्गाचा कोप हे शब्द सतत ऐकू आले. त्याच वेळी उतारावरच्या सपाटीकरणाची, डोंगरातल्या कामांची आणि अतिवृष्टीची चर्चाही झाली. माळीण आणि कार्वाइचाय यांत मोठा फरक आहे. एका ठिकाणी काही मिनिटे, दुसऱ्या ठिकाणी पिढ्या. एका ठिकाणी माणसे गेली, दुसऱ्या ठिकाणी माणसे उठून गेली आणि गाव मागे राहिले. पण दोन्हीकडे स्मारक उभारताना प्रश्न तोच उरतो: आपण कोणाचे स्मरण करतो आहोत, फक्त गेलेल्यांचे, की त्यांच्या जाण्यामागच्या कारणांचेही? कारणे बाजूला ठेवून केलेले स्मरण मला अर्धे वाटते. ते दुःखाला आदर देते, पण पुढचे दुःख टाळण्यासाठी काहीच करत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. कार्वाइचायच्या कोळ्यांनी काय केले होते? त्यांनी काही झाडे तोडली असतील, गुरे चारली असतील, पण मोठी तोड झाली ती राज्यकर्त्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि सैन्यांच्या गरजांसाठी. ज्यांनी फायदा घेतला ते दूर राहिले आणि वाळू आली ती गरिबाच्या दारात. अशा वेळी स्मरणातून जबाबदारी काढणे म्हणजे बळी पडलेल्यालाच दोषी ठरवणे नाही का? आणि ज्यांनी खरोखर तोड केली ते तर कधीच मेले. मेलेल्या माणसाकडे जबाबदारी कशी मागायची? हा आक्षेप दोष आणि देणे यांना एकच समजतो, आणि तिथेच तो चुकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने 1946 मध्ये जर्मन अपराधाविषयी पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने अपराधाचे प्रकार वेगवेगळे केले. कायद्याचा अपराध व्यक्तीचा असतो, राजकीय जबाबदारी मात्र सबंध समाजाची असते. जो समाज एखाद्या राज्यव्यवस्थेचा भाग असतो त्याला तिच्या कृत्यांच्या परिणामांचे उत्तर द्यावे लागते, मग त्यातल्या एखाद्या व्यक्तीने स्वतः काही केलेले असो वा नसो. हा भेद मला उपयोगी वाटतो, पण आपल्याकडे त्याहून जुना आणि माझ्या मते अधिक अचूक असा एक विचार आहे, तो म्हणजे ऋणाचा. ब्राह्मणग्रंथांत माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला माणसांचे ऋणही येते. ही ऋणे त्या माणसाने काढलेली नसतात. त्याने काहीही पाप केलेले नसते. तरी ती त्याची असतात, कारण तो ज्या जगात जन्माला येतो ते जग त्याच्या आधीच्यांनी चालवलेले, वापरलेले आणि कधी कधी मोडलेले असते. कर्माचा सिद्धांत इथे थोडा कमी पडतो, कारण तो कर्त्याच्या मागे जातो आणि कर्ता सापडला नाही की अडखळतो. ऋणाचा विचार कर्त्याला न शोधताही पुढे जाऊ शकतो. कार्वाइचायच्या कोळ्यांना कोणी दोषी म्हणण्याचे कारण नाही. पण त्यांच्यानंतर जो कोणी त्या दांड्यावर राहतो तो एका मोडलेल्या जमिनीचा वारस असतो, आणि वारसाला मालमत्तेबरोबर देणेही येते.

हे देणे प्रत्यक्षात कसे फेडले गेले ते पाहणे आता गरजेचे आहे, कारण विचार इथे नुसता विचार राहत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशियन सरकारने आणि काही स्थानिक माणसांनी वाळू थांबवण्याचे काम हाती घेतले. निदा गावाजवळ पोस्टमास्तर कुवर्ट यांच्या कुटुंबाने शतकाच्या पूर्वार्धात झाडे लावली आणि त्यांच्या कामाची खूण म्हणून तिथे आज स्मारक आहे. पुढे फ्रान्झ एफा या वाळू-निरीक्षकाने आयुष्याची अनेक वर्षे या कामात घालवली. आज रशियाच्या भागात असलेले पिल्कोपेन हे गाव वाळूच्या तोंडाशी आले होते, ते या लागवडीमुळे वाचले. तिथल्या उंच टेकडीला आजही एफाचे नाव आहे आणि तिच्यावर लाकडी फळ्यांच्या वाटेने चढून दोन्ही बाजूंचे पाणी पाहता येते. कामाची रीत कष्टाची होती. आधी समुद्राच्या बाजूला काठ्या-फांद्यांची कुंपणे घालून वाळूचा बांध उभा करायचा, म्हणजे नव्या वाळूचा पुरवठा अडतो. मग आतल्या उघड्या टेकड्यांवर चौकोनाचौकोनांत काड्या रोवायच्या, माती आणून टाकायची आणि त्या चौकोनांत रोपे लावायची. वाळवंटासारख्या त्या उतारावर साधी झाडे जगत नव्हती, म्हणून खुजा डोंगरी पाइन बाहेरून आणून मोठ्या प्रमाणावर लावला गेला. एक टेकडी बांधायला वर्षे लागत. सबंध दांड्याचे काम कित्येक दशके चालले. ज्यांनी रोपे लावली त्यांच्यापैकी बहुतेकांनी घनदाट रान पाहिले नाही. स्मरणाचे मूल्य मोजायचे झाले तर या रानाइतका चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही. इथे दुःखाचे रूपांतर काम करण्यात झाले, आणि तेही अशा कामात ज्याचा लाभ करणाऱ्याला स्वतःला होणार नव्हता. टेकडीवर जाणारा माणूस स्मारकापाशी पोचायच्या आधीच अर्धा तास स्मारकातून चालत असतो, फक्त त्याला ते झाड दिसते, स्मारक दिसत नाही.

देवराईचा विचार या संदर्भात मनात येतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर फरकही कळतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या गावांत देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालत नाही, कारण श्रद्धेने तिथे आधीच मर्यादा घातलेली असते. कुर्शू नेरियाच्या रानात श्रद्धेची अशी आधीची मर्यादा नव्हती. जे उरले ते नंतरची भरपाई होते. धर्माची दृष्टी या दोन्हींत आहे असे मला वाटते. एकीत संयमाची, दुसरीत प्रायश्चित्ताची. संयम श्रेष्ठ, यात शंका नाही, कारण देवराई राखणाऱ्या गावाला गाव गमवावे लागत नाही. पण प्रायश्चित्ताला कमी लेखण्याचे कारण नाही. जगात बहुतेक जागा अशाच आहेत जिथे संयम आधीच सुटलेला आहे.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींकडून येतो आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, ही लागवड म्हणजे एका मूळ भूदृश्याचा नाश आहे. उघड्या, चालत्या वाळूचे सौंदर्य युरोपात दुर्मीळ आहे. युनेस्कोने 2000 मध्ये या दांड्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती निसर्ग आणि माणसाचे काम या दोन्हींच्या मिलाफासाठी. पण आता निदाजवळची पार्निदिस टेकडी आणि नाग्ल्याय संरक्षित क्षेत्रातल्या राखाडी टेकड्या यांसारख्या थोड्याच उघड्या टेकड्या उरल्या आहेत. त्याही खचत आहेत, कारण समुद्राकडच्या बांधामुळे नवी वाळू येत नाही, गवत आणि झुडपे पसरतात, आणि माणसांच्या पायांनी वाळू उतारावरून खाली सरकते. पार्निदिसवर 1995 मध्ये उभारलेल्या दगडी सूर्यघड्याळाची 1999 च्या वादळात मोठी मोडतोड झाली आणि ते पुन्हा दुरुस्त करावे लागले. बाहेरून आणलेला डोंगरी पाइन आता म्हातारा झाला आहे आणि उन्हाळ्यात पटकन पेटतो. मग हे प्रायश्चित्त कसले, असा प्रश्न येतो. मोडलेले दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट मोडली, आणि आज तिथले राखणदार काही ठिकाणी झाडे लावण्याऐवजी झुडपे काढून वाळू मोकळी ठेवतात.

या आक्षेपात मला खोट दिसते ती एका गृहीतकात. त्यात असे मानले आहे की प्रायश्चित्त म्हणजे जे होते ते पुन्हा जसेच्या तसे आणणे, आणि ते जमले नाही तर प्रायश्चित्त फसले. पण कार्वाइचाय परत येणार नव्हते. त्याचे चर्च, त्याच्या विहिरी, खाजणाच्या काठावर वाळत घातलेल्या जाळ्यांचे ते विशिष्ट दृश्य, हे काहीच परत येणार नव्हते. फेड करणाऱ्यासमोर भूतकाळ नसतो, वर्तमानातली मोडकळ असते. एकोणिसाव्या शतकात वाळू थांबवणे हे कर्तव्य होते, कारण माणसे बेघर होत होती. एकविसाव्या शतकात, गावे सुरक्षित झाल्यावर, उरलेल्या उघड्या टेकड्या जपणे हेही कर्तव्य आहे. ही दोन कर्तव्ये एकमेकांशी भांडतात असे वाटते, पण ती एकाच ऋणाची दोन टप्प्यांतली फेड आहेत. जबाबदारीचे काम एकदा करून मोकळे होता येत नाही. परिस्थिती बदलली की ते काम नव्याने ओळखावे लागते. म्हणून या दांड्याच्या राखणदारांचे आजचे काम, म्हणजे कुठे झाडे राखायची आणि कुठे काढायची हे टेकडीटेकडीला ठरवणे, मला मूळ लागवडीइतकेच महत्त्वाचे वाटते. त्यात आदर्शाची ऐट कमी आहे आणि विवेक जास्त आहे.

या फेडीचा एक काळा भागही सांगितला पाहिजे. फ्रान्सशी झालेल्या 1870-71 च्या युद्धात पकडलेले फ्रेंच सैनिक या दांड्यावर ठेवले गेले. त्यांच्याकडूनही काम करून घेतले गेले आणि त्यांतले अनेक जण थंडीत, आजारात इथेच मेले. निदाजवळच्या ज्या खोलगट जागेशी त्यांची आठवण जोडली आहे तिला आज शांततेची दरी म्हणतात. म्हणजे एका जमिनीचे ऋण फेडताना त्याचा काही भार परक्या कैद्यांच्या माथी मारला गेला. याने माझा युक्तिवाद मोडतो असे मला वाटत नाही, पण तो सोपा राहत नाही. देणे खरे असले तरी ते दुसऱ्याच्या शरीरातून वसूल करता येत नाही. असे वसूल केले की नवे ऋण उभे राहते. आजच्या स्मारकांत त्या कैद्यांनाही जागा मिळाली आहे हे बरे आहे, पण जागा मिळाल्याने ते ऋण फिटले असे म्हणायला माझे मन धजत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे, आणि तो आपल्या परंपरेतल्याच दोन मोठ्या विचारांतून येतो. बौद्ध विचार म्हणेल, सर्व संस्कार अनित्य आहेत. वेदान्त म्हणेल, नामरूपाला चिकटू नये. हा सबंध दांडाच मुळी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लाटांनी आणि वाऱ्यांनी घडवला, आणि एक दिवस समुद्र तो परत घेईल. चौदा गावे काय आणि चाळीस काय, वाळूच्या दृष्टीने सारखेच. मग हे स्मरण, ही फेड, हे टेकडीवरचे लाकूड, हा सगळा मोहाचाच एक प्रकार नाही का? या प्रश्नापुढे थांबले पाहिजे, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. आणि त्या दांड्यावरची जुनी माणसे तो अर्धा भाग आपल्यापेक्षा चांगला जाणत होती. त्यांच्या थडग्यांवर क्रिक्श्ताय नावाच्या लाकडी फळ्या रोवल्या जात, झाडे, पक्षी, घोड्यांची डोकी अशा आकारांत कापलेल्या. त्या मृताच्या पायाशी लावल्या जात. लाकूडही पुरुषासाठी वेगळे, बाईसाठी वेगळे असे. ही रीत ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीच्या काळापर्यंत मागे जाते असे मानतात. त्या फळ्या कुजतात. लाकडाने दगडाशी टिकण्याची स्पर्धा केली नाही. निदाच्या जुन्या स्मशानातल्या फळ्या ज्याने सत्तरच्या दशकात पुन्हा घडवून लावल्या तोच माणूस, योनुशास, स्किर्प्स्तासवरचे स्मारक घडवणारा आहे, आणि तो स्वतः सोव्हिएत श्रमछावणीत वर्षे काढून आलेला होता. त्याने ओक निवडले, काँक्रीट निवडले नाही. अनित्यता त्याला ठाऊक होती.

पण अनित्यतेवरून जबाबदारी नाही असा निष्कर्ष निघत नाही, आणि बुद्धाने तो काढलेला नाही. ज्याने सर्व काही अनित्य आहे असे सांगितले त्यानेच कर्माला, हेतुपूर्वक केलेल्या कृतीला, शिकवणीच्या केंद्रस्थानी ठेवले. वस्तू जाते, कृतीचे परिणाम राहतात. गाव गेले, पण झाड तोडण्याचा परिणाम, म्हणजे मोकळी वाळू, गावाच्या नंतरही चालत राहिली आणि पुढचे गाव शोधत राहिली. अनित्यतेचा हा दाखला तर उलट सांगतो की आपण जे करतो ते आपल्या वस्तूंपेक्षा जास्त टिकते. वस्तूंबद्दलची आसक्ती सोडावी हे खरे. परिणामांबद्दलची उदासीनता मात्र वैराग्य ठरत नाही.

रेझाच्या आयुष्यातूनही हेच दिसते. लहानपणी आईबाप गेलेला, पंचविशी गाठायच्या आत गाव गेलेला हा माणूस पुढे क्योनिग्सबर्गला धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने आपल्या बुडालेल्या गावावर जर्मनमध्ये एक कविता लिहिली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. 1816 मध्ये लिथुआनियन बायबलची सुधारित आवृत्ती त्याने सिद्ध केली. 1818 मध्ये लिथुआनियन कवी दोनेलाइतिसचे ऋतूंवरचे मोठे काव्य त्याने प्रथम छापून आणले. ते हस्तलिखितातच राहिले असते तर लिथुआनियन साहित्य आज वेगळे दिसले असते. 1825 मध्ये लिथुआनियन लोकगीतांचा पहिला संग्रह त्याने प्रसिद्ध केला. गाव वाचवणे त्याच्या हातात नव्हते. जे त्याच्या हातात होते, म्हणजे गावाची भाषा आणि गाणी, ते त्याने सोडवून बाहेर काढले. त्याच्या धर्मशास्त्रात दैवी योजनेला काय जागा होती यावर अभ्यासक बोलू शकतील. मला त्याच्या कामातून एवढे दिसते की दुःखाचे स्पष्टीकरण शोधण्यात त्याने आयुष्य घालवले नाही. जे उरले होते ते पुढे नेण्यात घालवले.

आणि आता या युक्तिवादाचा सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा. 1944-45 मध्ये लाल सेना जवळ आली तेव्हा या दांड्यावरचे मूळ रहिवासी, कुरोनियन बोली बोलणारे मच्छीमार, बहुतेक सगळे पळून पश्चिमेकडे गेले. त्यांची बोली आज जवळजवळ बोलली जात नाही. क्योनिग्सबर्गही गेले. विद्यापीठ बंद झाले आणि शहराचे नाव कालिनिनग्राद झाले. म्हणजे 1975 मध्ये स्किर्प्स्तासवर स्मारक उभारणारे लोक कार्वाइचायच्या कोळ्यांचे वंशज नव्हते. ते नंतर आलेले होते. रान राखणारेही नंतर आलेलेच. रक्ताच्या नात्याने स्मरणाचा हक्क ठरत असता तर या टेकडीवर कोणीच यायला नको होते. पण ते आले, त्यांनी दुसऱ्यांच्या गावाचे नाव घेतले आणि दुसऱ्यांनी लावलेले रान जपले. पितृऋणाची आपली कल्पना रक्ताच्या धाग्याने बांधलेली आहे. या दांड्यावर दिसते ते ऋण जमिनीच्या धाग्याने बांधलेले आहे. जो इथे राहतो तो इथल्या गेलेल्यांचा ऋणी, मग ते त्याचे कोणी असोत वा नसोत. आपल्या विचाराला या बाजूने थोडे रुंद करण्याची गरज आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. सह्याद्रीच्या उतारांवर आज जे राहतात, जे तिथे जमिनी घेतात, रस्ते काढतात, बंगले बांधतात, त्यांतले अनेक जण त्या गावांचे वंशज नाहीत. तरी माळीणच्या कड्याशी त्यांचा संबंध आहे.

या फेडीचा व्यवहार आजही चालू आहे आणि तो दोन देशांत विभागलेला आहे. समुद्राच्या बाजूचा बांध, जो सबंध दांड्याला वाळूपासून वाचवतो, लिथुआनियात सुरू होतो आणि सीमा ओलांडून रशियात जातो. दांडा एकच असल्यामुळे जागतिक वारसा म्हणूनही तो दोन्ही देशांचा एकत्रच नोंदलेला आहे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात येणारी बाल्टिकची वादळे हा बांध ठिकठिकाणी खातात. लाटा त्याचा पायथा कापतात आणि वारा फटींतून आत शिरतो. मग तुटलेल्या जागी पुन्हा फांद्यांच्या जुड्या रोवाव्या लागतात, काड्यांची जाळी घालावी लागते, गवताचे गठ्ठे लावावे लागतात, म्हणजे वाऱ्याने आणलेली वाळू त्यात अडकून फट भरते. रीत मुळात तीच आहे जी एकोणिसाव्या शतकात होती. हे काम एका बाजूने केले आणि दुसऱ्या बाजूने सोडले तर सीमेजवळच्या टेकड्या दोन्ही देशांच्या बाजूंनी सुटतील. आज त्या दोन देशांत बोलणे जवळजवळ थांबले आहे.